मदत निघाली आहे

हेतल नेमकं काय काम करते, हे आगरदांड्याच्या अलीकडच्या त्या कोळीवाड्यात कुणालाच धड सांगता यायचं नाही. तिची आई केसर मासळीची पाटी घेऊन बसली की शेजारणी छेडायच्या, "पोरगी दिवसभर घरातच असते, मग पगार कसला गो मिळतो तिला?" केसर बोंबलांवरच्या माशा हाकत सांगायची, "ती कंपूटरला प्रश्न विचारते. बरोबर उत्तर दिलं तर पास, न्हायतर नापास." शेजारणी हसायच्या. पण केसरनं सांगितलेलं काही चुकीचं नव्हतं.

हेतल टेस्टर होती. अलिबागच्या कॉलेजात कंप्युटर शिकून ती नवी मुंबईत महाप्याच्या एका कंपनीत लागली, आणि कोरोनात घरी आली ती घरूनच काम करत राहिली. एक सॉफ्टवेअर दुसऱ्याकडे काहीतरी मागतं आणि दुसरं त्याला उत्तर देतं, त्या देवाणघेवाणीला तिच्या धंद्यात एपीआय म्हणतात. ते उत्तर बरोबर येतं का, उशिरा येतं का, भलतंसलतं विचारलं तर काय होतं, हे बघणं तिचं काम. हातानं किती वेळा विचारणार? म्हणून ती प्रोग्राम लिहून ठेवायची. तो रोज सकाळी आपसूक शेकडो प्रश्न पाठवायचा, आणि ती चहाचा कप घेऊन पडवीत बसेपर्यंत पडद्यावर हिरव्या खुणांची रांग लागलेली असायची.

बाप सदा तांडेल, होडीचा म्होरक्या. स्वतःची फायबरची होडी, तिच्यावर तो, हेतलच्या पाठचा विनेश आणि सदाचा चुलतभाऊ हरेश्वर, असे तिघं. विनेशला शिक्षणात गोडी नव्हती, पण बहिणीचं भारी कौतुक. जेट्टीवर कुणी नवा भेटला की हा सांगणार, "आमची ताई इथं बसून मुंबैची कंपनी चालवते."

अशात कंपनीला एक काम मिळालं, आणि हेतलला पहिल्यांदाच वाटलं की आता घरच्यांना आपलं काम दाखवता येईल. होड्यांसाठी एक ॲप करायचं होतं. नाव 'दर्याहाक'. समुद्रात काही झालं की तांडेलानं फोनवरचं लाल बटण दाबायचं. होडी कुठं आहे ते फोनच सांगणार, तो निरोप कंपनीच्या सर्व्हरवर येणार, तिथून बचाव करणाऱ्या मदत केंद्राच्या सर्व्हरकडे जाणार, आणि तिकडून आलेलं उत्तर परत तांडेलाच्या फोनवर दिसणार. हेतलनं ते काम मागून घेतलं. टीममध्ये होडीत पाय ठेवलेली ती एकटीच होती.

मदत केंद्राचा सर्व्हर मात्र हाताला लागेना. त्याच्याशी जोडणी करायला कंपनीनं सुरक्षेची काही कागदपत्रं द्यायची होती, ती कंपनीकडूनच रखडली होती. अशा वेळी टेस्टर लोक खऱ्याच्या जागी एक खोटा सर्व्हर उभा करतात. मॉक सर्व्हर म्हणतात त्याला. नाटकाच्या तालमीला एखादा नट आला नाही तर कुणीतरी त्याची वाक्यं वाचून दाखवतं, तसाच हा प्रकार. मॉक सर्व्हरला डोकं नसतं. शिकवलेलं उत्तर तो विचारणाऱ्या प्रत्येकाला देतो. हेतलनं तो उभा केला आणि उत्तरही तिनंच लिहिलं. बाकीचे असल्या जागी 'टेस्ट वन टू थ्री' लिहितात. हिला वाटलं, वरिष्ठांना दाखवायचंय, मराठीत दिसलं तर बरं. तिनं लिहिलं, "घाबरू नका. तुमची हाक पोचली. मदत निघाली आहे. होडी सोडू नका."

ते वाचून तिची मॅनेजर मृणाल फोनवर म्हणाली, "अगं, किती गोड लिहिलंयस! काटा आला अंगावर."

ॲप बाहेर काढायचा दिवस ठरला. पाहुणे बोलावले, मंडप घातला, आणि आदल्या दिवशीही मदत केंद्राच्या सर्व्हरशी जोडणी झालेली नव्हती. तेव्हा कंपनीत कुणीतरी खऱ्या सर्व्हरच्या पत्त्याच्या जागी हेतलच्या मॉक सर्व्हरचा पत्ता घातला. कार्यक्रमापुरता. पाहुण्यांनी बटण दाबलं, उत्तर आलं, टाळ्या वाजल्या. पुढं तो पत्ता बदलायचं राहून गेलं. कुणी राहू दिलं की विसरलं, हे शेवटपर्यंत कळलं नाही. हेतलला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. जोडणी झाली, असंच तिला सांगितलं होतं.

नारळी पुनवेनंतर होड्या दर्यात गेल्या तेव्हा विनेशनं जेट्टीवर उभं राहून जो येईल त्याच्या फोनवर ॲप घालून दिलं. "आमच्या ताईनं केलंय. दाबायचं, आन् गप बसायचं. मानसं येतात."

हेतलची रोजची तपासणी आता चालू सेवेवर जायची, चाचणीचा निरोप असा शिक्का मारून. रोज सगळं हिरवं. एकदा मात्र तिच्या मनात पाल चुकचुकली. उत्तरं फार झटकन येत होती. दुसऱ्याच्या दारात जाऊन यायचं तर थोडाफार वेळ लागतो, कधी जास्त कधी कमी, आणि ही उत्तरं कशी शेजारच्या खोलीतून आल्यासारखी, कायम तेवढ्याच वेळात.

"मृणाल, हे खऱ्या सर्व्हरला लागलंय ना नक्की?" तिनं विचारलं.

"लागलंय म्हणून तर उत्तर येतंय. पटकन येतंय तर चांगलंच आहे की. तू पुढचं काम घे आता, ते बंदराच्या पासांचं मागे पडलंय."

हेतल पुढच्या कामाला लागली.

कार्तिक लागला होता. त्या दिवशी सदाची होडी पहाटे गेली आणि दुपारच्या जेवणापर्यंत यायची ती आली नाही. केसर दोनदा जेट्टीवर जाऊन आली. हेतलनं विनेशचा फोन लावला, बंद. सदाचा फोन घरीच कोनाड्यात होता. ओला होतो म्हणून तो नेतच नसे. ॲपवर काही असतं तर मदत केंद्र हललं असतं, गाव हललं असतं, असं तिनं आईला सांगितलं. "काळजी करू नको. त्यांनी हाक दिली नाही, म्हणजे ठीक असतील. मासळी जास्त लागली असेल."

उन्हं उतरायला लागली तेव्हा श्रीवर्धनच्या एका मोठ्या बोटीवरून निरोप आला. दोन माणसं मिळाली होती.

मुरूडच्या दवाखान्यात सदाला घोंगडी पांघरून बसवलं होतं. हाताची कातडी पाण्यानं पांढरीफटक पडलेली. हरेश्वर शेजारच्या खाटेवर झोपला होता, सलाईन लावलेलं. केसर आत शिरली, दोन्ही खाटांकडे बघितलं आणि दारातच खाली बसली. 

सदा स्वतःहूनच बोलायला लागला. आवाज खोल गेलेला.

"खाडीच्या तोंडाबाहेर गेलो, आन् पान्याखाली कायतरी लागलं. लाकूड असंल. तळ फाटला. इंजिन गेलं. फायबर हाय, बुडत न्हाय ती, पन काठापतुर भरली. आमी कमरेएवढ्या पान्यात."

"मग?" हेतलनं विचारलं.

"विनेशनं फोन पिशवीतनं काढला. रेंज एक काडी. फोन लागना कुनाला. मंग त्यानं तुजं बटन दाबलं. लगेच आलं गो उत्तर. लगेच. त्यानं वाचून दाकवलं आमाला."

"काय आलं होतं, बाबा?"

"घाबरू नका. तुमची हाक पोचली. मदत निघाली हाय. होडी सोडू नका." सदानं ते पाठ केल्यासारखं म्हटलं.

 मदत केंद्राची उत्तरं कशी येणार, हे हेतलनं कागदावर वाचलं होतं. त्यात क्रमांक असणार होता, ड्यूटीवरच्या माणसाचं नाव असणार होतं. 'तुमची हाक पोचली' असं जगात एकाच जागी लिहिलेलं होतं.

सदा बोलतच होता. "भरती होती तवा. खांब दिसत होते जाळ्यांचे, लांब न्हाय. विनेश म्हनला, बाबा, रिकामी पिंपं धरून सुटू या, भरती नेऊन घालंल खांबावर. हरेश्वर बी व्हय म्हनला. मी न्हाय म्हनलो. म्हनलं, हेतलचं उत्तर आलंय, होडी सोडू नका म्हनलंय, ती मानसं हितंच बगायला येनार. विनेश फोन लावत बसला होता दुसऱ्या होड्यांना, त्याला म्हनलं बॅटरी राख, त्यांचा फोन येईल. मंग वकत झाला, फोन बी भिजून मेला. वल लागली, पानी भाईर ओडायला लागलं. खांब लांब गेले. वारा उठला. लाटेनं होडी उलटी केली, तवा विनेश जाळ्यात गावला. मी हात धरला होता. धरला होता मी."

मग त्यानं मान वर केली. "त्यांना उशीर झाला, न्हाय? लांबनं येत असतील."

हेतल बाहेर आली. दवाखान्याच्या आवारात एका रिक्षाच्या आडोशाला उभी राहून तिनं स्वतःच्या फोनवरचं लाल बटण दाबलं. चाचणीचा शिक्का न लावता, बुडणाऱ्या माणसानं दाबावं तसं. उत्तर डोळ्याचं पातं लवायच्या आत आलं. घाबरू नका. तुमची हाक पोचली. तिनं परत दाबलं. परत आलं. ती तिथं उभी राहून दाबतच राहिली आणि तिचाच शब्द तिला परत परत धीर देत राहिला. मदत केंद्रातून एकाही माणसाचा फोन आला नाही.

विनेशचा देह नंतर दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्याला लागला. त्याला आणून, सगळं उरकून घर मोकळं झालं तेव्हा हेतलनं मृणालला फोन केला.  मृणाल म्हणाली, "हेतल, मी शपथेवर सांगते, मला माहीत नव्हतं. तू आत्ता कुणाशी बोलू नकोस. आधी मी वर बोलते."

"अजून लोकांच्या फोनवर ते उत्तर येतंय, मृणाल. आत्ता या घटकेला."

"बंद करायला लावते."

दुसऱ्या दिवशी बटण दाबल्यावर 'सेवा तात्पुरती उपलब्ध नाही' असं यायला लागलं. आठवडा उलटला आणि ॲपची नवी आवृत्ती आली, 'किरकोळ सुधारणा' एवढ्याच मजकुरासह. कंपनीच्या मोठ्या साहेबांनी हेतलला महाप्याला बोलावलं, पाणी दिलं, दुःख वाटलं म्हणाले. मग हळूच म्हणाले, "तो मॉक तुमच्याच लॉगिनवर चालत होता, हे तुम्हाला ठाऊक आहे ना? चौकशी झाली तर पहिलं नाव तुमचं येईल. आम्हाला ते नकोय."

"येऊ दे," हेतल म्हणाली. "मलाही यायला हवंय."

तिनं राजीनामा तिथंच दिला आणि परतताना पोलीस ठाण्यात गेली. ठाण्यातला अंमलदार भला माणूस होता. त्यानं तिला बसवून घेतलं आणि सगळं ऐकलं. पण मॉक सर्व्हर म्हणजे काय, हे तिला त्याला तीन प्रकारे सांगावं लागलं, आणि शेवटी त्यानं विचारलं, "म्हणजे मशीन बिघडलं होतं?"

"बिघडलं नव्हतं. त्याला जे शिकवलं तेच ते करत होतं."

"मग गुन्हा कुणाचा लिहू?"

 पत्ता कुणी बदलला ते तिला माहीत नव्हतं. वाक्य तिचं होतं. "माझा लिहा," ती म्हणाली. अंमलदारानं पेन खाली ठेवलं. "ताई, तुमचा भाऊ गेलाय. घरी जा. आकस्मिक मृत्यूची नोंद झालेली आहे." तिनं पुढं अर्ज केले, कंपनीचं वकिली उत्तर आलं, प्रकरण कुठल्याशा टेबलावर जाऊन बसलं ते अजून तिथंच आहे.

वाड्यातही कुणी तिला दोष दिला नाही. ती घरोघर फिरून फोनवरचं ॲप काढायला सांगू लागली तर नीराबाई, शेजारची म्हातारी, तिच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "यंत्र हाय बाय, चुकतं. तू नको जिवाला लावून घेऊ." कुणीतरी ओरडावं, दगड मारावा, असं हेतलला वाटायचं. सगळे तिला जेवलीस का, एवढंच विचारायचे.

राहता राहिला बाप. सदा आता होडीवर जात नव्हता, होडीच उरली नव्हती. पण तो सावरत होता. सकाळी जेट्टीवर जाऊन बसायचा, येणाऱ्याजाणाऱ्याला ती हकीकत सांगायचा, आणि शेवटी दर वेळी म्हणायचा, "मदत निघाली होती ओ. पोचायला उशीर झाला. दर्यात असं होतं. मी त्याला थांबवला तो काय उगाच न्हाय." त्या वाक्यावर तो उभा होता, हे हेतलला दिसत होतं. दिसत असूनही तिला ते सोसेना. बाप लोकांना सांगतोय ते खोटं आहे आणि ते खोटं आपण लिहिलंय, या दोन गोष्टी घेऊन एका घरात जेवणं तिला जमेना. बापाला खरं कळलं तर तो निदान आपल्यावर चिडेल, असंही तिला आत कुठंतरी वाटत असावं.

एका सकाळी सदा पडवीत जाळं विणायची सुई हातात घेऊन नुसता बसला होता. ती समोर जाऊन बसली.

"बाबा, मदत निघाली नव्हती."

सदानं बघितलं.

"तुमची हाक कुणाकडेच गेली नाही. ते उत्तर खोटं होतं. तालमीसाठी ठेवलेलं. ते मी लिहिलं होतं, बाबा. माझे शब्द होते ते."

चूल सोडून केसर दारात येऊन उभी राहिली.  हेतल वाट बघत होती की तो आता हात उगारेल.

"कोनीच न्हाय आलं?" त्यानं विचारलं.

"नाही."

"निगालंच न्हवतं कोनी?"

"नाही, बाबा."

"म्हंजे मी त्याला फुकट अडवला," सदा म्हणाला. आवाज अगदी साधा होता, हिशेब जुळल्यावर माणूस बोलतो तसा. "भरती होती. खांब दिसत होते. त्याला मी हाताला धरून बसवला."

"तुमची चूक नाही, बाबा. माझी आहे, कंपनीची आहे—"

"तू तितं होतीस?" सदा म्हणाला. "तितं मी होतो."

सुई खाली ठेवून तो उठला आणि आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला. त्यानंतर तो जेट्टीवर गेला नाही. कुणाला हकीकत सांगितली नाही. हरेश्वर भेटायला यायचा, दाराशी हाका मारून परत जायचा.

केसर हेतलवर ओरडली नाही. परसात भांडी घासता घासता, वर न बघता तिनं एवढंच विचारलं, "कशापायी सांगितलंस गो? आनी कोनाचं काय बरं झालं?"

 खरं सांगितलं की ओझं उतरतं, असं हेतलला वाटलं होतं. तिचं काही उतरलं नाही, उलट बापाच्या पाठीवर आणखी एक चढलं, आणि ते तिला परत काढून घेता येत नव्हतं.

पुढच्या महिन्यात केसरनंच तिची बॅग भरली. "तू जा नवी मुंबैला. तुला बगितलं की ते जेवत न्हाईत." हेतल कोपरखैरण्यात दोन मुलींसोबत खोली घेऊन राहू लागली. काम तिला दुसरं कुठलं येत नव्हतं. एका मालवाहतुकीच्या कंपनीत टेस्टर म्हणून लागली. तिथंही मॉक सर्व्हर उभे करावे लागतात. ती उत्तराच्या जागी मोठ्या अक्षरांत 'हे खोटं आहे' असं लिहिते. नव्या मॅनेजरनं एकदा हसून विचारलं, "हे काय गं?" तिनं सांगितलं, सवय आहे.

शिमग्याला ती घरी गेली. वाड्यात होळी उभी राहिली होती, बाया नटून निघाल्या होत्या, यंदा सदाच्या घरापुढं आल्यावर ढोल थांबवून पुढं जात होत्या. तिनं बापासाठी मऊ सपाता आणल्या होत्या. सदानं त्या घेतल्या, उलटसुलट करून बघितल्या, "बऱ्या हायत," म्हणाला. जेवायला तिघंही एकत्र बसली. केसरनं पापलेटाचा मधला तुकडा हेतलच्या ताटात घातला. सदानं दोन घास खाल्ले, मग ताटाकडे बघत बसला, आणि हात धुऊन मागच्या दारानं बाहेर गेला. बराच वेळ झाला तरी आला नाही. केसर त्याचं ताट झाकून ठेवून आली.

"बघून येऊ का?" हेतलनं विचारलं.

"नको. तू गेलीस की येतील."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ला केसर तिला सोडायला रस्त्यापर्यंत आली. सुकटीची पिशवी हातात दिली. गाडी वळणावर दिसली तेव्हा ती म्हणाली, "पुढल्या बारीला यायच्या आदी फोन कर गो. म्हंजे मी त्यांना हरेश्वरकडं पाठवीन दोन दिस."

हेतल हो म्हणाली आणि गाडीत चढली.